हा तुमचा मुलगा, हा तुझा भाऊ : बायबलचा उतारा शब्द धरून कसा वाचावा

आमच्याकडे शेंगा म्हटलं की भुईमुगाच्या. ओल्या असल्या तर उकडून, वाळलेल्या असल्या तर भाजून, गुळाच्या खड्यासोबत. त्यामुळे येशूची कथा सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला धाकटा मुलगा डुकरांपुढच्या शेंगांकडे आशेनं बघतो, हे संडे स्कूलमध्ये ऐकलं तेव्हा मला त्याची फारशी कीव आली नव्हती. पुढे घरोघरच्या प्रार्थनेत मीच हा उतारा समजावून सांगायला लागलो, तरी डोळ्यांपुढे भुईमुगाचा वेलच. भुईमूग हे दक्षिण अमेरिकेतून जगभर गेलेलं पीक, येशूच्या काळात त्या मुलखात ते असणार कुठून, एवढा साधा विचारही मनात आला नाही. मूळ ग्रीक शब्द आहे 'केरातिया', म्हणजे 'छोटी शिंगं'. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या वाकड्या, टणक, काळपट शेंगांना तो शब्द वापरत. (सोन्याचा 'कॅरेट' निघाला तो याच शेंगेच्या बीवरून.) आपल्याकडचं जवळचं चित्र हवं तर शेळ्या खातात त्या बाभळीच्या शेंगा घ्या. आणि १६व्या वचनाच्या शेवटी लिहिलंय की तेही त्याला कोणी दिलं नाही. हे शब्द मी कित्येक वर्षं वाचत होतो आणि एकदाही ऐकले नव्हते.

ओळखीच्या उताऱ्याचं असंच होतं. गोष्ट पाठ असते, म्हणून शब्द दिसत नाहीत. जालना-बीडकडच्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबल अभ्यास घेताना मी जी रीत हळूहळू बसवली ती इथे सांगतो. ग्रीक-हिब्रू येत नसलं तरी चालतं. एक वही, पेन्सिल, दोन वेगळी मराठी भाषांतरं आणि निवांत तासभर एवढं लागतं. नमुन्याला लूक १५:११-३२ च घेऊ (१५वा अध्याय, ११ ते ३२ ही वचनं), कारण तो सगळ्यांना 'येतो'. तरी गोष्ट थोडक्यात : धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळतो, उपाशी पडून परत येतो; बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो, आणि शेतातून आलेला थोरला रुसून बाहेरच थांबतो.

आधी मथळा झाका

छापील प्रतीत उताऱ्याच्या डोक्यावर मथळा असतो : 'उधळ्या पुत्राचा दृष्टान्त'. हा लूकने लिहिलेला नाही. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटनने केली असं मानतात. नव्या कराराचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. मथळे तर प्रत्येक प्रकाशकाचे आपापले. आकडे कामाचे आहेत, जागा सापडते. मथळा मात्र वाचायच्या आधीच अर्थ सांगून मोकळा होतो.

इथेच बघा. ११वं वचन सांगतं की एका मनुष्याला दोन पुत्र होते. मथळ्याने त्यातला एक कापून टाकला. मग आपण २४व्या वचनाशी आलो की गोष्ट संपली म्हणून पुस्तक मिटतो आणि शेतातून येणारा थोरला राहून जातो.

मथळा बोटाने झाकून वर सरका. 'ही गोष्ट कोणाला सांगितली?' याचं उत्तर सापडेपर्यंत मागे जायचं. ते १५:१-२ मध्ये आहे. जकातदार आणि पापी येशूजवळ येताहेत, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे लोक, कुरकुर करताहेत की हा असल्यांच्या पंक्तीला बसतो. म्हणजे ऐकणारेही दोन तऱ्हेचे आणि मुलगेही दोन. आता थोरला सुटणार नाही.

हाताने उतरवा

उतारा वहीत लिहून काढा, एका ओळीत एकच क्रियापद. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण हात डोळ्यापेक्षा सावकाश चालतो, आणि गाळलेला शब्द हातालाच सापडतो. मोबाइलवर कॉपी-पेस्ट केलं तर याचा काही उपयोग नाही.

कोण कोणाशी बोलतंय

माझ्या मते निम्मा अर्थ इथेच मिळतो, म्हणून इथे घाई करू नका. उताऱ्यातलं प्रत्येक बोलणं अधोरेखित करा आणि समासात लिहा : कोण, कोणाला, काय म्हणून हाक मारतो.

धाकटा बापाला 'बाबा' म्हणतो. वाटणी मागताना म्हणतो आणि लाजिरवाणा होऊन परत येतानाही म्हणतो. थोरल्याच्या बोलण्यात ही हाक शोधा. नाही. तो 'पाहा' म्हणून सुरू करतो आणि थेट हिशोब मांडतो : इतकी वर्षं राबलो, एक करडूही दिलं नाहीत. बहुतेक मराठी प्रतींत तो बापाला 'तुम्ही' म्हणतो, त्यामुळे आपल्याला तो अदबशीर वाटतो. ग्रीकमध्ये असं आदरार्थी रूप नाही. तिथे दोघंही मुलगे एकच 'तू' वापरतात. अदब आपल्या भाषांतरकाराने घातली, कारण आपल्याकडे आईला 'तू' चालतं, बापाला सहसा नाही. म्हणून मराठीत वाचताना थोरल्याचा तुटकपणा 'तुम्ही'त शोधू नका, गाळलेल्या 'बाबा'त शोधा.

मग ३०वं वचन. भाऊ आला असं तो म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बांधावरून भांडण झालेल्या घरात ही भाषा आपण सगळ्यांनी ऐकली आहे : 'तुमच्या पोरानं काय केलं ते बघा.' ३२व्या वचनात बाप तेच शब्द हळूच फिरवून परत देतो : 'हा तुझा भाऊ'.

समासातल्या नोंदी पुन्हा वरून खाली बघा. बाप धाकट्याशी एक शब्दही बोलत नाही. मुलगा कबुली देतो, आणि बाप वळून दासांना सांगतो की झगा आणा, अंगठी घाला, जोडे घाला. अख्ख्या उताऱ्यात बाप ज्या मुलाशी तोंडाने बोलतो तो थोरला, आणि त्याला तो 'बाळा' म्हणतो. ही गोष्ट मी प्रवचनात किती वेळा सांगितली असेल, पण समासात नावं लिहिली त्याच दिवशी हे दिसलं.

या पायरीवर मराठी वाचकाचं एक बलस्थान आहे. इंग्रजीत एक आणि अनेक दोघांनाही 'यू'. आपल्याला तू आणि तुम्ही वेगळे कळतात. लूक २२:३१-३२ मध्ये येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो की सैतानाने 'तुम्हांला' गव्हासारखं चाळायला मागितलं, पण 'तुझ्यासाठी' मी विनंती केली. चाळणीत सगळे शिष्य आहेत आणि विनंती एकासाठी, कारण पुढे त्याने बाकीच्यांना सावरायचं आहे. योहान ३:७ मध्येही तसंच, 'तुला' सांगतो की 'तुम्हांला' नव्याने जन्मलं पाहिजे. येशूला भेटायला रात्री एकटा आलेला निकदेम तेवढ्यात सगळ्यांच्या वतीने उभा राहतो. मात्र आपलं 'तुम्ही' आदरार्थीही असतं, तेव्हा समोर एकच माणूस असेल तर दुसऱ्या भाषांतरात पडताळून घ्या.

'आम्ही' आणि 'आपण' हा फरक तर ग्रीकमध्येही नाही. तो मराठीच्या पदरचा. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या पित्या' येतं, कारण ज्याच्याशी बोलतो तो त्या 'आम्ही'त नाही. आता मार्क ४:३८ उघडा. वादळात शिष्य झोपलेल्या येशूला उठवून म्हणतात की बुडतोय याची काळजी नाही का? बुडतोय कोण, 'आम्ही' की 'आपण'? 'आपण' लिहिलं तर येशूही बुडणाऱ्यांत येतो. 'आम्ही' लिहिलं तर शिष्यांनी त्याला वगळलं. भाषांतरकाराला दोन्हींतलं एक निवडावंच लागतं. तुमच्या प्रतीत काय निवडलंय ते बघा आणि अर्धा तास त्यावर बोला.

स्तोत्रांना हीच पायरी लावली तर वेगळंच फळ मिळतं. २३व्या स्तोत्रात पहिली तीन वचनं देवाबद्दल आहेत : तो मला नेतो, तो मला बसवतो. चौथ्या वचनात मृत्यूच्या छायेची दरी लागते, आणि बरोबर तिथे 'तो' जाऊन 'तू' येतो. विठोबाबद्दल गाता गाता मध्येच विठोबाशीच बोलायला लागणारे अभंग ज्यांच्या कानावर आहेत, त्यांना हे वळण समजावून सांगावं लागत नाही.

गावाचं शहाणपण लावा, पण तपासून

एकदा एका वस्तीवर हा उतारा चालू होता. मी १२व्या वचनावरून पुढे सरकणार, एवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "थांबा. वाटणी दोघायची झाली की. मंग थोरला करडासाठी कामून रुसला?" मी वचन पुन्हा वाचलं. खरंच, बापाने मालमत्ता 'त्यांच्यात' वाटून दिली असं लिहिलंय. मागितली एकाने, मिळाली दोघांना. शिवाय जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या २१:१७ च्या नियमाने थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन मुलगे असतील तर तीनातले दोन हिस्से. जे करडू मला दिलं नाही म्हणून तो चिडतो, ते त्याच्याच वाट्यातलं होतं. ३१व्या वचनात बाप तेच सांगतो : माझं आहे ते सगळं तुझंच. ज्यांनी सातबाऱ्यावर नावं चढताना आणि उतरताना पाहिली आहेत त्यांना हे पुस्तकी टीकाकारांच्या आधी दिसतं.

तसाच १४व्या वचनातला दुष्काळ. पुष्कळ प्रवचनांत तो मुलगा केवळ उधळपट्टीने भिकेला लागतो. पण लूक दोन कारणं देतो : पैसा संपला, आणि त्या देशात मोठा दुष्काळ पडला. आमच्या घरी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला दुसरं कारण वगळता येत नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते पाहिलेल्या पोरांनाही नाही. दुष्काळात परक्या मुलखात गेलेल्या माणसाला कोणी काही देत नाही, हे १६व्या वचनाशी कसं जुळतं बघा. तरी त्याचं पाप दुष्काळाच्या माथी मारू नका. तो स्वतःही तसं करत नाही.

आता नोकर. आपल्याकडे पाडव्याला ठरणारा सालगडी वेगळा, रोजंदार वेगळा, आणि दोघांचा घरातला मान वेगळा. लूकनेही इथे तीन शब्द वापरलेत. १७ आणि १९व्या वचनात 'मिस्थियोस', म्हणजे मोल घेऊन राबणारा. २२व्यात 'दूलोस', म्हणजे दास, विकत घेतलेला माणूस. २६व्यात 'पाइस', म्हणजे पोऱ्या. धाकट्याला मोलकरी व्हायचंय. थोरला मात्र २९व्या वचनात स्वतःसाठी 'दूलोस'वरूनच झालेलं क्रियापद वापरतो. मराठीत ते 'सेवाचाकरी' होऊन मऊ पडतं. घरातला मालक स्वतःला गुलामात मोजतोय. (मिस्थियोसला मी सालगडी म्हणणार नाही. वर्षाचा करार की रोजाची मजुरी, हे तो शब्द सांगत नाही. आपला शब्द आवडला म्हणून मजकुरावर लादायचा नाही. माझ्या शेंगा आठवा.)

तोच शब्द त्याच पुस्तकात आणखी कुठे?

२०व्या वचनात बापाला 'कळवळा' येतो. ग्रीक क्रियापद 'स्प्लांख्निझोमाइ' आतड्यांवरून झालेलं आहे. आपण 'आतडं तुटलं', 'आतड्याची माया' म्हणतो, तेव्हा त्याच अवयवावर बोट ठेवतो. भाषांतर न करताही पोहोचणारा हा शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानात हे क्रियापद तीनदाच येतं : नाईन गावच्या विधवेला पाहून येशूला (७:१३), रस्त्यात पडलेल्या माणसाला पाहून शोमरोन्याला, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्या शोमरोनातल्या माणसाला (१०:३३), आणि इथे. तिन्ही ठिकाणी आधी 'पाहणं' आहे. १०व्या अध्यायात याजक आणि लेवी (दोघंही मंदिराच्या सेवेतले) हेही पाहतात, पण ते दुसऱ्या बाजूने निघून जातात.

'मालमत्ता' हाही असाच शब्द. १२व्या वचनात धाकटा 'उसिया' मागतो, म्हणजे संपत्ती. बाप वाटून देतो ते 'बिओस', म्हणजे जगण्याचं साधन, जगणंच. लूक २१:४ मधली गरीब विधवा दानपेटीत टाकते तेही 'बिओस'.

हे शोधायला जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीतले क्रमांक वापरतात. इंटरनेटवर वचन उघडून शब्दावर टिचकी मारली की क्रमांक येतो आणि तो शब्द आणखी कुठे आहे त्याची यादी मिळते. यादी बघताना आधी त्याच लेखकाचं पुस्तक बघा, मग बाकीची. पौल एखादा शब्द ज्या अर्थाने लिहितो त्याच अर्थाने याकोब लिहील असं नाही. नांदेडची 'भाजी' आणि कोकणातली 'भाजी' तरी कुठे एक असते?

दोन भाषांतरं शेजारी ठेवा

यूव्हर्शनसारख्या अॅपमध्ये एकापेक्षा जास्त मराठी भाषांतरं मिळतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं, १९२४ साली त्यांच्या मृत्यूनंतर छापून झालेलं भाषांतर हाती लागलं तर ते जरूर ठेवा. जिथे दोन भाषांतरं वेगळी बोलतात तिथे पेन्सिलने खूण करायची. तिथे मूळ शब्द अवघड आहे, किंवा मराठीत त्याला सरळ जोड नाही.

उदाहरणार्थ १७वं वचन. रूढ मराठीत तो 'शुद्धीवर येऊन' म्हणाला. वाचणाऱ्याला चक्कर नाहीतर दारू आठवते. ग्रीकमध्ये शब्दशः 'स्वतःकडे येऊन'. 'भानावर येऊन' बरं पडलं असतं. बापाकडे निघण्याआधी तो आधी स्वतःकडे येतो, ही दोन 'येणी' मराठीत जोडलेली दिसत नाहीत.

प्रभूची प्रार्थना मत्तय ६ आणि लूक ११ मधून शेजारी लिहा. मत्तयात भाकर 'आज' दे, लूकमध्ये 'रोज' दे. मत्तयात 'ऋणे' सोड, लूकमध्ये 'पापांची' क्षमा कर. पण पुढच्याच वाक्यात लूकही ऋणी माणसावरच येतो. आमच्याकडे जिथे सोसायटीचं थकीत कर्ज हा घराघरातला विषय आहे, तिथे 'ऋण' शब्दावर मंडळी गप्प होते. गंमत अशी की आपला लाडका शब्द 'तारण' (आपल्या बोलण्यात पापातून सुटका) बाजारपेठेतल्या प्रत्येक पतसंस्थेच्या पाटीवर आहे : सोनेतारण कर्ज. एका तरुणाने मला प्रामाणिकपणे विचारलं होतं की येशू आपलं तारण म्हणजे आपल्या कर्जापोटी गहाण ठेवलेला का? शब्दकोशाच्या दृष्टीने दोन अर्थ वेगळे आहेत, त्यांची गाठ मारू नये. पण त्याला हसण्यासारखंही त्यात काही नव्हतं.

कधी फरक भाषांतराचा नसून हस्तलिखितांचा असतो. २१व्या वचनात मुलगा ठरवून आलेलं वाक्य म्हणतो, पण 'मोलकरी म्हणून ठेवा' हा भाग बहुतेक हस्तलिखित प्रतींत येत नाही. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकनस आणि सायनायटिकस या हस्तलिखितांत तो आहे. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की १९व्या वचनावरून तो नकलाकाराच्या हातून पुन्हा उतरला असावा. हे ऐकून कोणाचा विश्वास डळमळायला लागला तर मी पैठणचं उदाहरण देतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली. हाताने उतरवलेल्या ग्रंथाचे पाठ जुळवणं हे या गोदाकाठाला नवं नाही, आणि त्याने ज्ञानेश्वरीची किंमत कमी झाली नाही.

एका शब्दावर माडी बांधू नका

मूळ शब्द शोधायची चटक लागली की माणूस घसरतो. योहान २१ मध्ये येशू पेत्राला तीनदा विचारतो, त्यात 'अगापाओ' आणि 'फिलेओ' असे दोन शब्द येतात. त्यावर पहिलं दैवी प्रेम, दुसरं नुसती मैत्री, अशी प्रवचनं मी ऐकली आहेत आणि केलीही आहेत. पण हाच योहान पिता पुत्रावर प्रीती करतो हे ३:३५ मध्ये 'अगापाओ'ने सांगतो आणि ५:२० मध्ये 'फिलेओ'ने. मग 'मैत्री'चं काय करायचं? शब्दाचा अर्थ वाक्यातून घ्यायचा. वाक्याला पेलणार नाही असा अर्थ कोशात कितीही सुंदर दिसला तरी सोडून द्यायचा. माझी तीन जुनी प्रवचनं या नियमाने बाद झाली.

शेवटी मोठ्याने वाचा

चार जणांना वाटून द्या : निवेदक, बाप, धाकटा, थोरला. चाकराचं एक वाक्य लहान पोराला द्या. थोरल्याचं काम करणाऱ्याला २८व्या वचनानंतर खरोखर उंबऱ्याबाहेर उभं करा. 'आत जाईना' या दोन शब्दांत मराठीने कमाल केली आहे. जात नाही आणि जायची इच्छाही नाही, दोन्ही त्या 'ना'मध्ये येतं. ३२वं वचन संपलं की कोणी काही बोलू नका. थोरला आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलं नाही, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आता काय करायचं ते कळत नाही. आमच्याकडे एकदा तो तसाच चहा होईपर्यंत उभा राहिला.

पुढच्या आठवड्यासाठी लूक १०:२५-३७ घ्या. मथळा झाका, हाताने उतरवा, समासात नावं लिहा. मग ३६व्या वचनात येशू विचारतो की तिघांपैकी शेजारी कोण झाला. ३७व्यात शास्त्री उत्तर देतो. उत्तर बरोबर आहे, पण एक शब्द त्याने तोंडातून निघू दिलेला नाही. तो कोणता, ते वहीत लिहून आणा.